किनाऱ्यावर दिवसभर लोळायचं तर

कोकणात जाऊन काहीच करायचं नाही असं ठरवून निघालेल्यांचा दिवस बहुतेक वेळा धावपळीतच जातो. सकाळी नाश्त्यासाठी वणवण, अकरा वाजता तापलेल्या वाळूवर पाय भाजून घेणं, दोन वाजता जेवण कुठे मिळेल याची चौकशी, आणि चारला खोलीत पडून पाठीला कोरफड लावणं. आळसाचा दिवस हवा असेल तर ठरवाठरवी आदल्या संध्याकाळी संपवायला हवी. जेवण सांगून ठेवलेलं, झाड बघून ठेवलेलं, भरतीची वेळ माहीत. मग दुसऱ्या दिवशी डोकं चालवायचं काम उरत नाही.

इथे मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा धरून लिहिलं आहे. देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळू नि माड. बेटावर राहिल्याचं सुख इथे होडीत न बसता मिळतं. खऱ्या बेटांचं म्हणाल, तर मालवणसमोरचं कुरटे बेट म्हणजे सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. किल्ला बघायलाच हवा, पण लोळायला ही जागा नव्हे. दगड तापतो, सावली बेताची आणि परतीच्या होडीकडे लक्ष ठेवावं लागतं. देवबागच्या संगमाजवळचं ‘त्सुनामी आयलंड’ नावापुरतं बेट आहे. तो खाडीतला वाळूचा दांडा आहे, भरतीला बराचसा पाण्याखाली जातो आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे वॉटर स्पोर्ट्सचा कलकलाट असतो. दोन्ही ठिकाणं आदल्या दिवशी उरकून घ्या.

दिवस निवडताना आधी तिथी

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबा-फणस मिळतो, पण दमट उकाड्यात झोप लागत नाही. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद, समुद्र खवळलेला. त्या दिवसांत पडवीत बसून पाऊस बघावा, वाळूवर जाऊ नये. नाताळ ते नववर्षाचा आठवडा वगळा, कारण सगळीकडे रांगा असतात आणि रांगेत उभं राहून कोणाला विसावा मिळत नाही.

हंगाम ठरला की कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि दक्षिणेकडे, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याला, भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. नक्की वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी. पण दिवस निवडायला पाऊणपट पुरते.

लोळण्यासाठी द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी हे तीन दिवस सर्वांत सोयीचे. त्रयोदशी घ्या. भरती पावणेदहाच्या आसपास, ओहोटी चारच्या सुमारास. सकाळी सात ते नऊ पाणी चढतं असतं आणि संध्याकाळी चारनंतर पुन्हा चढायला लागतं. डुंबायच्या दोन्ही वेळा चढत्या पाण्यात येतात, म्हणजे पाणी माणसाला किनाऱ्याकडे लोटतं. शिवाय पाचच्या फेरफटक्याला ओली, टणक, रुंद वाळू मिळते. शुक्ल पक्ष असेल तर अंधार पडताना चंद्रही वर आलेला असतो.

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. चढउतार कमी, पाणी शांत, पण संध्याकाळी नेमकी भरती असते आणि चालायला पट्टा अरुंद. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त वर येतं. त्या दिवशी चटई, पिशव्या, चपला आधीच्या भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर ठेवा. ही रेष ओळखायला सोपी: सुरूची वाळकी पानं, शिंपल्यांचा चुरा आणि काटक्यांची काळपट ओळ. अलिबाग-मुरुडकडे भरती-ओहोटीतला फरक मालवणपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिकडे ही काळजी दुप्पट.

हॅमॉक: सगळा दिवस यावर

इथे घाई करू नका. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांत बांधायचा कापडी झुला, वाईट बांधला तर दहा मिनिटांत पाठ धरते आणि मग दिवसभर खुर्ची शोधत फिरावं लागतं.

पहिली गोष्ट, झाडाच्या मालकाला विचारा. कोकणात प्रत्येक माड कोणाचा ना कोणाचा असतो. विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, उलट कोणत्या माडाचे नारळ उतरवायचे राहिलेत तेही सांगतात. हे कळणं महत्त्वाचं, कारण फळांनी लगडलेल्या माडाखाली झोपायचं नसतं. सोडणासकट नारळ किलो-दीड किलोचा भरतो. नारळाइतकीच वाळकी झावळ धोक्याची. ती वारा नसतानाही सुटून येते. मान वर करून बघा: तपकिरी पडून खाली लोंबणारी झावळ दिसली तर दुसरं झाड. पोफळीला कधीही बांधू नका, ती वाकते. सुरूचं बन सर्वांत बरं, वरून पडलं तर बारीक काटेरी बोंडंच पडतात. फक्त समुद्राकडच्या पहिल्या ओळीतले सुरू टाळा. लाटांनी मुळं उघडी पडलेली असतात आणि झाड आधीच कललेलं असतं.

दोन झाडांत साडेतीन ते साडेचार मीटर अंतर हवं, म्हणजे साधारण पाच-सहा पावलं. दोर जमिनीपासून पावणेदोन मीटरवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या पातळीला. आत बसल्यावर बूड जमिनीपासून हातभर वर राहिलं पाहिजे, त्यापेक्षा उंच नको.

सर्वांत मोठी चूक ताणून बांधण्याची. हॅमॉक तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला की दिसायला नीटनेटका दिसतो, पण तो अंगाला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि कलंडतो. दोरावरचा भारही वाढतो. दोर आडव्या रेषेशी तीस अंशात उतरत असेल तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरावर सत्तर किलोच भार येतो. तोच दहा अंशात ताणला तर दोनशे किलोच्या घरात जातो. दोर तुटतात ते इथे. तीस अंश मोजायला हाताची बोटं पुरतात: तर्जनी आडवी, अंगठा सरळ वर, आणि दोघांच्या टोकांना जोडणारी तिरकी रेष म्हणजे दोराचा उतार.

झाडाभोवती दोर गुंडाळण्याआधी गोणपाटाची घडी किंवा चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टा घाला. माडाच्या खोडाची जखम आंब्या-फणसासारखी भरून येत नाही, ती कायमची राहते, आणि अशाच जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात आणि फळता माड जातो. म्हणून खिळा, हूक, कोयत्याची खाच यातलं काहीही नको. दोराचे खोडाभोवती दोन पूर्ण वेढे आणि मग दोन अर्ध्या गाठी पुरतात. नायलॉनचा दोर भाराने ताणतो, तेव्हा ठरवल्यापेक्षा वीतभर वर बांधा, नाहीतर तासाभरात बूड वाळूला टेकेल. अंगणात कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी कितीही जाड दिसली तरी वापरू नका, उन्हाने ती आतून कुजकी झालेली असते. बांधून झाल्यावर आधी हाताने दाबून बघा, मग हळूच बसा, मग आडवे व्हा.

आणि आडवं व्हायचं ते तिरकं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. अशाने कापड पसरतं आणि पाठ जवळपास सपाट राहते. सरळ रेषेत झोपलात तर कंबर केळ्यासारखी वाकते.

सावली सकाळी पाहून झाड ठरवू नका. दुपारी साडेतीननंतर ऊन समुद्राच्या बाजूने, माडांच्या शेंड्यांखालून थेट आत येतं. किनाऱ्यापासून तिसऱ्या-चौथ्या ओळीतली झाडं घेतली तर पुढच्या ओळी ते ऊन अडवतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, मग मधे तासभर वारा पडतो, आणि अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो. हॅमॉक किनाऱ्याला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर बांधला की खारा वारा आडवा लागतो आणि डासही टिकत नाहीत.

पोटाचं

सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. पोट भरतं आणि जड होत नाही. गोडच हवं असेल तर घावणे नि नारळाचा रस, पण आदल्या रात्री सांगितलं असेल तरच. तांदूळ भिजवून वाटायला वेळ लागतो.

दुपारचं जेवण घरगुती खानावळीत आदल्या संध्याकाळी सात-आठच्या आत सांगा. माणसं किती, वेळ काय, तिखट किती, एवढंच. मासा कोणता हे सांगू नका, जो ताजा येईल तो घाला म्हणा. सुरमईचाच हट्ट धरला की बर्फातली सुरमई ताटात येते. वारं असेल आणि होड्या गेल्या नसतील तर कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी नि भात. यात काही वाईट नाही.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाऊन बघा. होडीने जाळं अर्धगोलात टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसं जाळं वाळूवर आणत असतात. दोरांच्या मधल्या पाण्यात उतरू नका, दोर ओलांडू नका. जाळं आलं की तिथेच मासळी विकत मिळते. कल्ले लालभडक, डोळा फुगीर नि स्वच्छ, बोटाने दाबल्यावर खड्डा लगेच भरून येतो तो ताजा. बांगडा आणि तारली घेतल्या तर लगेच बर्फात टाका. हे मासे उन्हात तासन्‌तास राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं ठणकणं, हे बऱ्याचदा ‘मासा बाधला’ म्हणून सोडून देतात. दोष उन्हात ठेवण्याचा असतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालायची ती बी काढून, नुसती चेचून. वाटणात वाटली तर सगळं कडवट होतं.

सोलकढी मात्र स्वतः करायला शिका, कारण हॉटेलातली बहुतेक वेळा गुलाबी पाणी असते. चार ग्लासांना एक मध्यम नारळ. पंधरा आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. खोबरं, लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची कपभर कोमट पाणी घालून वाटा, फडक्यातून पिळा. चोथ्यात पुन्हा कपभर पाणी घालून दुसरं दूध काढा. दोन्ही दुधं एकत्र करून कोकमाचं पाणी थोडं थोडं घाला, शेवटी मीठ नि कोथिंबीर. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असेल तर चार चमचे पुरतं, पण आगळात मीठ असतं, आधी चव घ्या.

बिघडतं ते असं. पाणी कडक घेतलं किंवा मिक्सर फार वेळ फिरवला की नारळातलं तेल सुटतं, आणि थंड झाल्यावर त्याचे बारीक कण ओठांना चिकटतात. रंग जांभळट-राखाडी आला तर कोकम कमी पडलं. आंबट वाढवा, गुलाबी होतो. तपकिरी आला तर आमसुलं जुनी, त्याला इलाज नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आणि सकाळी करून ठेवलेली दुपारी तीनला पिऊ नका, नारळाचं दूध उकाड्यात तीन-चार तासांतच आंबायला लागतं. बर्फ घातलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये ठेवली तर जेवणापर्यंत निभावते.

शहाळी दोन: एक अकराला, एक चारला. निवडताना कानाशी हलवा. खळखळ आवाज आला तर पाणी कमी झालंय, नारळ जून होतोय. आवाज न येणारं, हाताला जड लागणारं घ्या. पातळ मलईचं हवं की जाड, हे कोयता चालवण्याआधी सांगा. कापलं की लगेच प्या, फोडून ठेवलेल्या शहाळ्याची चव तासाभरात उतरते.

पाण्यात उतरायचं तर

कमरेएवढ्या पाण्यापुढे जायचं कारण नाही. जेवून, पिऊन पाण्यात नाही. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे देवबागच्या संगमावर, ओहोटी लागल्यावर अजिबात नाही. नदीचं पाणी आणि उतरतं पाणी दोन्ही मिळून बाहेर धावतात, आणि वाळूचा तळ पावलापावलाला बदलतो. वरून पाणी शांत दिसतं, फसगत होते ती त्यानेच.

उघड्या किनाऱ्यावर लाटांकडे पाच मिनिटं बघत बसा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा गुळगुळीत, गडद, फेस आत नेणारा दिसला, तर तिथे आत ओढणारा प्रवाह आहे. दिसायला तीच जागा सर्वांत सोपी वाटते आणि नवखे लोक नेमके तिथेच उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून हाका मारा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर या.

उथळ पाण्यात पाय उचलून न चालता वाळूत घासत चाला. तळाशी पाकट पहुडलेली असते, चाहूल लागली की ती निघून जाते; पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. काटा खोल असेल तर स्वतः उपटू नका. जेलीफिश डसली तर गोडं पाणी ओतू नका, चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढा. श्वास अडकला किंवा चेहरा सुजला तर १०८ ला फोन.

पाण्यातून आल्यावर विहिरीच्या पाण्याने आंघोळ करा, केसांसकट. मीठ अंगावर वाळलं आणि त्यावर घाम आला की मांड्या नि काखा सोलवटतात, मग हॅमॉकमध्येही चैन पडत नाही. कपडे सुती आणि सैल, पंचा किंवा लुंगी असली तर त्याहून उत्तम.

दुपार ते रात्र

अकरा ते साडेतीन सावलीतून हलायचं नाही. सावलीतही वाळूवरून परावर्तित ऊन लागतं, म्हणून सनस्क्रीन कानांना, पावलांना आणि मानेच्या मागे लावा, दर दोन तासांनी पुन्हा. पुस्तक जाड नको, छातीवर धरवत नाही. मोबाईल खोलीत राहू द्या. गावात वीज जाते, रेंज जाते. पैसे मात्र रोख जवळ असावेत, शहाळंवाल्याकडे स्कॅनर चाललाच असं नाही.

जेवण झालं की शतपावली हॅमॉकपर्यंतची आणि मग डाव्या कुशीवर वामकुक्षी. अर्ध्या तासाची झोप उत्तम. दोन तास झोपलात तर डोकं जड होऊन संध्याकाळ वाया जाते. एकट्याने आला असाल तर खानावळीच्या मावशींना चारला चहाची हाक मारायला सांगा, त्या विसरत नाहीत.

पाचला ओल्या वाळूवरून चालायला निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा पुढेमागे बुडतो, मेमध्ये सातच्या जवळ. चालायची दिशा वाऱ्यावर ठरवा: आधी वाऱ्याविरुद्ध, परतताना वारा पाठीशी. हिवाळ्यात वाळूवर पाण्यातून वर जाणारा रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे ठसे असलेला माग दिसला, तर रात्री कासवीण येऊन गेली असणार. मागावरून चालू नका, उकरू नका, गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा. रात्री कासवीण प्रत्यक्ष दिसली तर बॅटरी बंद आणि लांबूनच.

दिवेलागणीला डास नि चिलटं घोट्यांपासून सुरुवात करतात. पायघोळ कपडे घाला, घोट्यांना मलम लावा. वारा पडलेली संध्याकाळ असेल तर बागेत बसण्याचा मोह सोडून पडवीत पंख्याखाली बसा.

हॅमॉक रात्री बाहेर ठेवू नका. दव पडतं, कापड ओलं होतं आणि सकाळी मुंग्या नि खेकडे आत सापडतात. सोडल्यावर वाळू झटका, गोड्या पाण्यातून एकदा काढा आणि सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर कड्या गंजतात आणि दोर कडक होतो. शेवटी खोडावरचं गोणपाट काढून घ्यायला विसरू नका, मालक उद्या माडावर चढणार असेल.